गाडीचे वेगळे, तंबूचे वेगळे!

घर बरोबर घेऊनच वीकेण्डला निघालं की राहण्याचा खर्च शून्य, असा आमचा साधासरळ हिशेब होता. जुन्नरला पोचेपर्यंत तो टिकलासुद्धा...

‘किती जण? व्हेज की नॉनव्हेज?’

फोनवर एवढे दोनच प्रश्न आणि बुकिंग कन्फर्म! जुन्नर तालुक्यात धरणाच्या काठी एका शेतकऱ्यानं आपल्या रानात टेण्ट कॅम्प सुरू केलाय, तिथला नंबर मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून मिळाला होता. आम्ही सात जण, सगळे नॉनव्हेज. सोबत काय घेऊन येतोय हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

आम्ही घेऊन चाललो होतो चक्क एक घर. पुण्यात भाड्यानं मिळालेली कॅरॅव्हॅन. आत चार बर्थ, हातभर किचन, एवढुसा फ्रीज, टॉयलेट आणि बाहेरच्या बाजूला हॅण्डल फिरवलं की उघडणारं कापडी छप्पर. एकदम फॉरेनच्या पिक्चरसारखं! अडचण एकच. मंगळवारी ऑफिसात प्लॅन ठरला तेव्हा आम्ही चार जण होतो, गुरुवारच्या लंचपर्यंत सात झालो. (ट्रिप जाहीर झाली की असं होतंच.) मग उरलेल्या तिघांसाठी दोन तंबू मागून आणले, गाडीत कोंबले आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पहाटे चाकणचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत नाशिक हायवे पकडला.

नारायणगावला मिसळ झाली. तिथून जुन्नर आणि पुढं थेट नाणेघाट. आधी कॅम्पवर जायचं सोडून घाट कशाला, तर आमच्यातल्या एका सीएला तिथला रांजण बघायचा होता. घाटमाथ्यावर एक भलाथोरला दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घेऊन बैलांचे तांडे हा घाट चढून जुन्नरच्या बाजारपेठेत यायचे आणि त्यांची जकात या रांजणात जमा व्हायची, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञाच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेत. ‘बघा, ह्याला म्हणतात ऑडिट ट्रेल,’ सीए खूश! कॅरॅव्हॅन म्हणजे मुळात तांडाच. म्हणजे आमच्या आधी दोन हजार वर्षं या वाटेवर गाडीतळाचे पैसे मोजणारी मंडळी येऊन गेली होती. तेव्हा यावर आम्ही नुसते हसलो. हसू मावळलं संध्याकाळी.

मग मी तुमच्याकडून काय घेऊ?

कॅम्पवर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. फाटकाशी कॅम्पचे मालक उभे. पन्नाशीचे, स्वेटर, डोक्याला मफलर. सगळ्यांसाठी लगेच ‘काका’ झाले. पण काकांचा मूड काही बरा दिसत नव्हता.

‘अंधार पडायच्या आत या म्हणलं होतं ना?’

मग त्यांचं लक्ष गाडीकडं गेलं. एक चक्कर मारली, आत डोकावून बर्थ पाहिले, किचन पाहिलं. आम्हाला वाटलं इम्प्रेस झाले. आम्ही ऐटीत सांगितलं की, काका, तुमचे तंबू नकोत, जेवण आमचं आम्ही करू, बिछाने आमचे आहेत. फक्त जागा द्या.

काकांनी मफलर सोडला, परत बांधला आणि विचारलं, ‘मग मी तुमच्याकडून काय घेऊ?’

प्रश्न अगदी खरा होता. आपल्याकडच्या टेण्ट कॅम्पचं सगळं गणित ‘पर हेड’ असतं. पवनेच्या काठीही हेच पीक. माणशी अमुक रुपये, त्यात तंबू, रात्रीचं जेवण, बार्बेक्यू आणि सकाळचे पोहे. जागेचं भाडं असा वेगळा रकाना त्यात नसतोच, ते चिकनच्या भावात मिसळलेलं असतं. काकांचा रेट माणशी १२०० रुपये होता. त्यातून तंबू वजा, जेवण वजा, पोहे वजा केले तर खाली उरतं काय? नुसतं रान. आणि रानाचा रेट कुणी कधी विचारलाच नव्हता.

परदेशात नेमकं उलटं आहे. तिथं जागाच विकत मिळते. तिला पिच म्हणतात किंवा साइट म्हणतात आणि तिचे नियम आपल्या सोसायटीच्या पार्किंगपेक्षा कडक असतात. अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एका साइटवर जास्तीत जास्त सहा माणसं (पोरंटोरं धरून!) आणि दोन गाड्या. इंग्लंडात दोन कॅरॅव्हॅनच्या मध्ये सहा मीटर अंतर लागतं, कारण एकीला आग लागली तर दुसरीला लागू नये. आणि गाडीशेजारी जादा तंबू ठोकला तर तो फुकट की त्याचे वेगळे, यावर तिथंही साइटगणिक वेगळा नियम. काही ठिकाणी पोरांचा छोटा तंबू पिचच्या पैशांतच, काही ठिकाणी एकेका तंबूचे सुटे पैसे. थोडक्यात, जादा तंबूचं भांडण जागतिक आहे.

आपल्याकडं सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं. गाड्या उभ्या करायला पार्किंग, पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतागृह असलेले कॅरॅव्हॅन पार्क व्हावेत, ते शेतावरही होऊ शकतील अशी त्यातली कल्पना. करात सवलती वगैरेही आहेत. जुन्नर तर २०१८ पासून पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालाय आणि २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेल्यावर पाट्यांवर पाट्या लागल्या. पण गाडीवाल्यानं सोबत दोन तंबू आणले तर त्याचे किती घ्यायचे, हे आमच्या काकांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला.

‘गाडीचे ८००. लाइटचा पॉइंट घेतला तर २००. तंबूचे वेगळे, एकाला ३००.’

‘तंबू आमचेच आहेत ना पण, काका!’

‘म्हणून तर ३००. आमचा असता तर १२०० माणशी.’

आता ६०० रुपये ही काय रक्कम आहे? आम्ही सात जण एका कॉफीला त्यापेक्षा जास्त उडवतो. पण तत्त्वाचा प्रश्न आला की मराठी माणूस पेटतो. आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, गाडीचे दिले म्हणजे जागेचे दिलेच. सीए म्हणाला, हे डबल चार्जिंग झालं. मी पत्रकार, मी म्हणाले, रेट आधी सांगायला हवा होता, फोनवर. आणि मग आम्ही बोनस म्हणून मागणी टाकली की, तंबू खाली पाण्याच्या कडेला लावणार. सकाळी उठल्याबरोबर धुकं, पाणी, फोटो!

काकांनी फोन खिशात ठेवला.

‘मग असं करा. तंबू लावूच नका. गाडीत झोपा सगळे, दाटीवाटीनं. मला नको तुमचे सहाशे.’

तंबूला माणूस लागतो

काकांच्या रानाच्या एका अंगाला धरण आणि दुसऱ्या अंगाला ऊस. पुरुषभर उंच, दाट. मला तो तोवर नुसता हिरवागार दिसत होता. फोटोसाठी मस्त बॅकग्राउण्ड!

या उसाची गोष्ट धरणापासून सुरू होते. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे अशी पाच धरणं झाली. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. दाट झाकण, बाजूला पाणी, वाडीवस्तीवर कुत्री-शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच पिल्लं घालतात. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि माणूस-बिबट्या हा तिथला रोजचा विषय आहे. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरमधल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तिघांचे बळी गेले, त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी हायवे रोखला. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की शेतकऱ्याला रात्री पाणी भरायला जावं लागतं, म्हणून दिवसा वीज द्या ही इथली मागणी आहे. आम्ही ज्या अंधारासाठी पुण्याहून निघालो होतो, तो अंधार इथल्या लोकांना नकोसा झालाय.

काकांनी हे सगळं असं भाषण देऊन सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘गाडीला पत्रा आहे. दार लावलं, विषय संपला. तंबूला माणूस लागतो.’

माणूस म्हणजे त्यांचा पुतण्या. तंबूत पाहुणे असले की तो बॅटरी आणि काठी घेऊन रात्रभर शेकोटीपाशी जागतो. कॅम्पभोवतीचे चार फोकस पहाटेपर्यंत चालू. तंबूमागं ३०० रुपये ते याचे. पाण्याच्या कडेला तंबू नको, कारण उसातून पाण्याकडं जायची वाट तीच. तंबू लावायचा तो गाडी आणि काकांचं घर यांच्या मध्ये, उजेडाच्या आत आणि एकमेकांना चिकटून. इंग्लंडातला नियम म्हणतो सहा मीटर लांब, आगीची भीती. काका म्हणतात हातभर जवळ. ज्याची त्याची भीती, त्याप्रमाणे अंतर.

आम्ही गुपचूप ‘हो’ म्हटलं. एकूण झाले १६००.

मग बाकीचे नियमही बाहेर यायला लागले, एकेक करून, जसजसे आम्ही चुकत गेलो तसतसे. उरलेलं चिकन तंबूबाहेर ठेवायचं नाही, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं दुसरं कुणी. एकट्यानं टॉयलेटला जायचं नाही. दहानंतर स्पीकर बंद. पाण्यात उतरायचं नाही. (३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पावसाळ्यात जिल्ह्यातल्या धरणं-धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश निघाले होते. काका ते वर्षभर पाळतात.) थंडी जाम होती म्हणून आमच्यातली एक शेगडी तंबूत न्यायला निघाली, तर पुतण्या धावत आला. इथं मात्र बिबट्याचा संबंध नाही. बंद तंबूत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच माणूस जातो, वासही येत नाही. हा नियम कुठल्याही कॅम्पला, कुठल्याही तंबूला.

एसी लावायचा विचार आम्ही स्वतःच सोडला. काकांच्या घरचा सिंगल फेजचा मीटर बघितल्यावर हिंमतच झाली नाही.

सगळ्यात मोठा घोळ सकाळी. गाडीतल्या टॉयलेटची टाकी भरली होती, ती कुठं रिकामी करायची? भाड्यानं देणाऱ्यानं गाडीची किल्ली दिली, टाकीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. काका म्हणाले, शोषखड्डा आहे की, ओता. मग टाकीतल्या निळ्या द्रवाचा वास आला तसे थबकले. ‘ह्यात औषध आहे काय?’ होतं. मैला कुजू नये, वास मारू नये म्हणून त्यात केमिकल घालतात आणि फॉर्मल्डिहाइडसारखं केमिकल असेल तर ते सेप्टिक टँकमधल्या कामाच्या जिवाणूंनाही मारतं. हे मी नंतर वाचलं. काकांनी नाकानंच ओळखलं होतं. टाकी तशीच पुण्याला परत आली, आमच्यासोबत. परतीच्या प्रवासाचं वर्णन नको.

पैसे उलटे देणारा शेतकरी

सकाळी धुकं विरळ झालं तेव्हा शेजारच्या रानात मेंढ्या दिसल्या. कांदा काढून मोकळं झालेलं रान, त्यात जाळीची वाघूर लावून आत शेदोनशे मेंढ्या, बाहेर दोन घोडी, चार कुत्री, दोरीनं बांधलेल्या कोंबड्या, भांडी आणि एक तंबू. धनगराचा वाडा. दिवाळीनंतर नगरकडच्या भागातून असे वाडे या बाजूला उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत फिरतात. घोड्यावर बिऱ्हाड, रोज नवं रान. आमची चार बर्थची मिजास त्यांच्यासमोर एकदम फिकी पडली.

‘ह्यांच्याकडून किती घेता?’ सीएनं काकांना विचारलं.

काका हसले. पहिल्यांदाच. ‘मी घेत नाही, मी देतो.’

मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की लेंडीखत आणि मूत जागेवर पडतं, उभ्या रानाला खत. त्यासाठी शेतकरी धनगराला रात्रीचे पैसे ठरवून देतो, कुठं धान्य देतो. जेवढ्या मेंढ्या तेवढा भाव. म्हणजे इथं पिचचा रेटही जुना आहे, नियमही जुने आहेत, फक्त पैसा उलट्या दिशेनं जातो. त्यांचा तांडा मागं खत ठेवून जातो. आमचा निळं पाणी ठेवून जाणार होता.

तंबूच्या दाराशी एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसले. आत दोन-अडीच वर्षांची मुलगी अजून झोपलेली, पाय बाहेर काढून. मी सहज म्हटलं, ताई, तंबू छान आहे. तर म्हणाली, फॉरेस्टवाल्यांनी दिलाय. वन विभागानं या भागात मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे वाटलेत. आधी उघड्यावरच झोपायचे सगळे, मेंढ्यांच्या कडेला, पोरं मध्ये घेऊन. अशा वाड्यांवरून रात्री लहान मूल उचलून नेल्याच्या घटना या पट्ट्यात घडल्या आहेत.

‘कापडाला काय, नख लागलं की फाटलं,’ ती म्हणाली. ‘पण पोरगी झाकलेली राहते. दिसत नाही. आता रात्री दोन घटका डोळा लागतो.’

तिनं मलाही विचारलं, तुमचे तंबू कशाला लावले, एवढी गाडी असताना? मी म्हटलं, जागा पुरत नव्हती. तिनं गाडीकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, मोजल्यासारखं. काही बोलली नाही. गरम भाकरीचा तुकडा आणि वर ठेचा मात्र दिला, न मागता.

ही जागा माझी नाही

परत येताना घोडेगावमार्गे डिंभ्याला गेलो, पुढच्या वेळची जागा हेरायला. हुतात्मा बाबू गेनू सागर हे या जलाशयाचं नाव. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याचं मुख्य ठिकाण घोडेगाव, नाव बुडालेल्या गावाचं.

काठावर गाडी लावायला एक सपाट, मस्त जागा दिसली. जवळच एक आजोबा गुरं घेऊन होते. आम्ही आता शहाणे झालो होतो. आधीच विचारलं, बाबा, इथं गाडी आणि दोन तंबू लावायचे तर किती घ्याल?

‘ही जागा माझी नाही, तुम्हाला कशी देऊ?’

पाणी ओसरलं की काठाची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. जमीन पाटबंधारे खात्याची, धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ती हंगामापुरती कसायला मिळते. काठावर तंबू लावून देणारा प्रत्येक जण त्या काठाचा मालक असतोच असं नाही. ‘लेक टच’ म्हणून जाहिरात दिसली तर एवढं जरूर विचारा की, सातबारा कुणाचा? पुढं भीमाशंकरच्या बाजूला तर प्रश्नच नाही. तिथं १९८५ पासून अभयारण्य आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम नाही, गाडीत नाही आणि तंबूतही नाही.

आजोबांनी मग एका घराकडं बोट दाखवलं. तिथं अंगणात लावा म्हणाले, पोरगा आहे माझा. पैशाचं विचारलं तर म्हणाले, चहा-पाण्याचं बघा काहीतरी. सीएला हे अजिबात झेपलं नाही. आकडा सांगा ना, आकडा! आकडा नसलेली जागा त्याला १६०० पेक्षा महाग वाटत होती. मला त्याचं पटलं. संकोचात दिलेले पैसे कधी कमी होतात, कधी जास्त आणि दोन्हीकडं मनात राहतात. तंबूमागं ३०० म्हणून फाटकावरच हिशेब मांडणारे काका परवडले.

तेव्हा तुम्ही कॅरॅव्हॅन घेऊन या बाजूला निघालात तर फोनवर व्हेज-नॉनव्हेजच्या आधी गाडीची लांबी सांगा, जादा तंबू किती ते सांगा आणि तंबूंपाशी रात्री जागणारं कुणी असतं का ते विचारा. कुणी नसेल तर तंबू गाडीतच राहू द्या, मग कितीही स्वस्त असो.

काकांचा परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. आम्ही निघताना त्यांनी मला बसवून एका खताच्या कॅलेण्डरच्या मागं सगळं लिहून घेतलं होतं. त्याचा आता रंगवलेला बोर्ड झालाय. गाडी ८००. लाइट २००. जादा तंबू ३००, उजेडाच्या आत. अंधार पडल्यावर फाटक उघडणार नाही. सगळ्यात खाली ‘गाडीतले संडास’ असं लिहून पुढं जागा कोरी सोडली आहे. त्याचं काय करायचं ते कळलं की कळवा, असं खाली टाइप केलंय.